मानसिंगची काठी आणि भावकीचं सुतक

आमच्या गावची सासनकाठी म्हणजे पस्तीस फुटी वेळू, वर निशाण, खाली धरायला आडवी फळी. चैत्रातल्या यात्रेला एकानं ती पेलून नाचवायची आणि बाकीच्यांनी चारी बाजूंनी दोऱ्या ताणून तोल राखायचा. उंब्रजपासून आत आमचं गाव, आणि काठीचा मान मानसिंगच्या घरात. मानसिंग नि मी एकाच पोत्यावर बसून शाळा शिकलो, म्हणून हक्कानं सांगतो, गड्याचा सगळा जीव काठीत. एकदा ऐन नाचात त्याच्या धोतराचा सोगा सुटला. सगळी यात्रा हसली, पण पठ्ठ्यानं काठी टेकवली नाही. शेवटी चंद्राबाई, म्हणजे त्याची बायको, रिंगणात शिरली आणि सोगा खोचून शांतपणे माघारी गेली.

रीत अशी, की घरच्यानं एका वर्षी जरी काठी सोडली, तरी मान चुलत घरात जायचा. चुलत घर म्हणजे दादासो. बांधावरून दोघांचं बोलणं बंद होऊन एक पिढी होत आली होती.

मागच्या वर्षी मानसिंगचे पाय सुजले. डॉक्टरांनी लघवी जास्त होणारी गोळी दिली आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासायला बोलावलं. सूज उतरली तसा हा तिकडं फिरकलाच नाही. गोळी मात्र नेमानं चालू. त्यात यात्रा जवळ आली, म्हणून वडिलांची शिकवण काढली: पोट रिकामं तर काठी हलकी. दिवसाआड एरंडेल! गोळीनं एक वाट उघडलेली, एरंडेलानं दुसरी.

मग पोटऱ्यांत गोळे यायला लागले. पायरी चढताना हा भिंत धरायचा. पारावर निकाल लागला, की करणी आहे, आणि कुणाची ते सांगायला नको. सुनेनं मोबाइलमध्ये बघून केळी आणि शहाळी आणली. एखादा दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच.

एका सकाळी मानसिंग कट्ट्यावर बसला तो उठेचना. मांड्यांत बळच नाही. छातीत म्हणे कबूतर फडफडतंय. मी दवाखान्याचं नाव काढलं, तर यात्रेनंतर जाऊ म्हणाला. आत्ता गेलो तर काठी गेली, मग जगून तरी काय करायचं!

चंद्राबाईनं मात्र वाद घातला नाही. पदर खोचला, भिंतीपलीकडं गेली आणि दादासोला म्हणाली, भावजी, जीप काढा.

दादासो दारात आला, तसा मानसिंग बसल्या जागेवरून म्हणाला, "काठीसाठी आलास न्हवं?"

"व्हय की. पर तू मेलास तर भावकीला सुतक येतंय रं गड्या. सुतकात मला तरी कुठली काठी? ऊठ."

मानसिंगनं एक हात त्याच्या खांद्यावर टाकला. आम्ही दोघांनी त्याला उचलून जीपमध्ये घातला आणि थेट कराड गाठलं.

तिथल्या ज्ञानदा डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावून ठोक्यांची पट्टी काढली, रक्त तपासलं. पोटॅशियम पार तळाला गेलेलं. ते गोळीबरोबर लघवीतून गेलं, उरलंसुरलं एरंडेलानं नेलं. त्यावर स्नायू चालतात आणि काळीजही. शिरेतून औषध अगदी हळूहळू चालू केलं, वर सारखी काळजाच्या ठोक्यांवर नजर.

"आजोबा, केळी चांगलीच," त्या म्हणाल्या, "पण फुटक्या रांजणात तुम्ही तांब्यानं पाणी ओतत होता."

मग त्यांनी समजावलं. गोळे पुन्हापुन्हा यायला लागले, की रक्त तपासून घ्यायचं. पायांतलं बळ गेलं, छाती फडफडली, चक्कर आली, तर घटकाभरही थांबायचं नाही. पोटॅशियमचं औषध आपल्या मनानं आणून प्यायचं नाही, कारण जास्त झालं तरी काळीज थांबतं. गोळी आपण होऊन बंद करायची नाही, आणि घरचं एरंडेलसुद्धा डॉक्टरांना सांगायचं. मानसिंगनं सगळं ऐकून एकच विचारलं, काठी? यंदा नाही, असं उत्तर आलं. गडी भिंतीकडं तोंड करून पडला. रडला असेल, मी बघितलं नाही.

चार दिवसांत स्वतःच्या पायांनी चालत घरी आला. गोळी बदलली, आणि उरलेलं एरंडेल चंद्राबाईनं बैलगाडीच्या चाकाला पाजलं.

यात्रेला काठी दादासोनं घेतली. मानसिंगला देवळासमोर खुर्ची दिली होती, पण तोंडाला कुणी कुलूप घालावं? कंबर वाकव, डावीकडं झुकतीया, हे काय नाचणं हाय का ऊस तोडणं! मिरवणूकभर चालू. देवळापाशी दादासोनं काठी टेकवली, घाम पुसला आणि सगळ्या पंचांदेखत खुर्चीपाशी आला.

"मान तुझ्याच घरात ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "काठी पेलंल मला, पर तुझं तोंड न्हाई पेलवत. पुढल्या महिन्यात रक्त तपासायचं हाय न्हवं? सकाळी आवरून बस, मी जीप आणतो."