तळ्याकाठी ठेवलेला घास

नाताळच्या सुट्टीत ब्रिस्बेनला जायचं असं मुलाने ठरवलं आणि एका रविवारी दुपारी त्याने ते गाव टीव्हीवर लावलं. गाव कसलं, मोठं शहर. मधून नदी जाते, तीही सरळ नाही, वळसे घेत घेत. नदीत बोटी चालतात आणि बससारख्या थांब्याथांब्यावर थांबतात. काठाने फिरायची वाट, काही ठिकाणी ती पाण्यावरच बांधलेली. बोटीने वर गेलं की झाडाला मिठी मारून झोपलेली कोआला अस्वलं. एक टेकडी, तिच्यावरून सगळं शहर दिसतं. आणि एक लोखंडी पूल, त्याच्या कमानीवर कमरेला पट्टा बांधून माणसांना चढवतात, हौस म्हणून. मी चाळीस वर्षं परांचीवर उभं राहून इमारतींना रंग दिला, मला कुणी पट्टा दिला नाही. तेवढं मी बोललो आणि सगळे हसले.

मग मुलगा सहज म्हणाला की पुलावर लहान पोरांना घेत नाहीत, तर आम्ही दोघं चढून येऊ, बाबा आणि छोटी खाली नदीकाठी बसतील.

हातातला चहा मी न पिता खाली ठेवला. सून म्हणाली, बाबांना विमानाची धास्ती वाटते. मी मान हलवली. खोटी हलवली. विमानाला मी भीत नाही. नदीकाठी त्या पोरीबरोबर एकटं बसायला भितो, आणि का भितो हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. मला आणि माझ्या नातीला. ती सहा वर्षांची.

आता सगळं सांगतो.

माझी बायको मागच्या हिवाळ्यात इथेच गेली, परदेशात, शुगर लँडला, मुलाच्या घरी. सकाळी तिने चहा टाकला आणि दुपारी ती नव्हती. मी चौथी शिकलेला, ती सातवी. इथे आल्यापासून बाहेरच्या पाट्या तीच वाचायची, अक्षराला अक्षर लावून. मी तिला म्हणायचो, तुझं वाचून होईस्तोवर दुकान बंद होईल. ती म्हणायची, मग तुम्ही वाचा.

नवरा जिवंत असताना जी बाई जाते तिचा घास पितृपक्षात अविधवा नवमीला ठेवतात. नवमी आली कामाच्या दिवशी. सुनेने पहाटे उठून सगळं रांधलं, त्याबद्दल मी तिला नाव ठेवणार नाही. भात, वरण, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. दोघं ऑफिसला गेली, पोर शाळेत. मी पान वाढून मागच्या अंगणात ठेवलं. इथे कावळ्यासारखे लांब शेपटीचे काळे पक्षी असतात, दुकानांच्या पार्किंगमध्ये शेकड्यांनी. ते आले, बघितलं, गेले. मग खार आली आणि वडा उचलून कुंपणावर बसून खाल्ला. शेवटी लाल मुंग्या. कावळा काही आला नाही. मी तीन वाजेपर्यंत उपाशी बसलो, मग पान उचललं.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, बाबा, आईला पोचलं, मनात धरायचं. त्याच्या मनात धरलं गेलं असेल. माझ्या डोक्यात वेगळंच बसलं, की तिचं काहीतरी राहिलंय. आणि काय राहिलंय ते मला माहीत होतं. जायच्या आधी महिनाभर ती सुकटीची चटणी मागत होती. या घरात खिडक्या बंद, एसी चालू, सुकटीचा वास चार दिवस जात नाही, सुनेला तो सोसत नाही. मी बायकोला म्हणालो, नंतर बघू. दोनदा म्हणालो.

पुढच्या रविवारी मुलगा सगळ्यांना ब्राझोस नदीच्या वळणावरच्या उद्यानात नेणार होता. तिथे जंगल आहे, तळी आहेत, खूप पक्षी आहेत. मी विचार केला, पक्षी आहेत म्हणजे कावळेही असतील. शनिवारी सगळे बाजाराला गेले तेव्हा मी अंगणातल्या ग्रिलवर सुकट भाजली, मिरची घालून हाताने चुरली, भाताबरोबर डब्यात भरली आणि डबा माझ्या पिशवीत टॉवेलखाली ठेवला. कुणाला बोललो नाही.

ती जागा सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. मोठाले ओक, त्यांच्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबतात. तळ्यावर हिरवं शेवाळ इतकं दाट की जमीन वाटावी. पांढरे बगळे एका पायावर. माणसं हातभर लांब कॅमेरे घेऊन गप्प उभी. आणि मगरी. पहिली दिसली तेव्हा मला ट्रकचा फुटलेला टायर पडलाय असं वाटलं. मग टायरने डोळा उघडला. नात मोजत सुटली, चार झाल्या, पाच झाल्या. मुलगा म्हणाला, आपण त्यांच्या वाटेला गेलो नाही तर त्या आपल्या वाटेला येत नाहीत.

पुढे एक उंच लाकडी मनोरा आहे, वर चढून लांबवर बघायचा. पोर दमली होती. मी म्हणालो, तुम्ही दोघं जाऊन या, आम्ही इथे बाकावर बसतो. मला तेवढंच हवं होतं. ती दोघं झाडांआड गेली आणि मी डबा काढला.

समोर तळ्याच्या पलीकडे कावळा ओरडत होता. खरा कावळा, तो आवाज मी ओळखतो. बाकाजवळ एक पाटी होती. नातीने बोट ठेवून ती वाचली आणि म्हणाली, "आजोबा, इट सेज नो फीडिंग. खायला घालायचं नाही."

"आपण कुणाला खायला घालत नाही," मी म्हणालो. "आजीसाठी ठेवतोय."

तिला ते पटलं. मलाही पटलं होतं, हेच तर सांगतोय. डब्याच्या झाकणावर भात काढला, वर सुकट ठेवली आणि झाकण पाण्यापासून पाचसहा पावलांवर गवतात ठेवलं. मागे आलो. काव काव करून हाक मारली. पोरीला मजा वाटली, तीही काव काव करायला लागली. मग मी हात जोडले, डोळे मिटले आणि बायकोला म्हणालो, तुझी चटणी आणलीय, घे. पोरीची काळजी करू नको, मी आहे.

डोळे उघडले तर पोर शेजारी नव्हती. ती खाली झाकणापाशी उकिडवी बसून पलीकडच्या कावळ्याला हात करत होती.

तिच्यासमोर शेवाळात लाकडाचा ओंडका होता. मघाशी नव्हता. मी बघतोय तोवर तो जवळ आला, पाणी जराही न हलवता. दोन गाठी वर, मध्ये सपाट. मला कळलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. आयुष्यात तीनदा परांचीवरून पडता पडता वाचलो, तिन्ही वेळा शिव्या घालत वाचलो, आणि तिथे मला नातीचं नाव घेता येईना. मी पळालो असं म्हणवत नाही, गुडघे कुठे पळू देतात. कसाबसा खाली गेलो, तिच्या फ्रॉकची मागची पट्टी हाताला लागली ती धरून ओढली आणि दोघं मागे पडलो. मगर वर आली ती झाकणावर. भात, सुकट, झाकण, सगळं एकदम. प्लॅस्टिक फुटल्याचा आवाज झाला. थोडा वेळ ती गवतात तशीच पडून राहिली, आमच्याकडे न बघता, आणि मग मागे सरकत पाण्यात गेली. माणसाएवढी होती. कदाचित जास्त.

माझी विजार ओली झाली होती, आणि ती तळ्याच्या पाण्याने नव्हे. हेही लिहून ठेवतो.

पोर घाबरली नव्हती. ती म्हणाली, "कावळ्याऐवजी तिने खाल्लं. चालतं का?"

मी म्हणालो, चालतं. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. आणि वर म्हणालो, मम्मी-पप्पांना सांगायचं नाही, हे आपलं दोघांचं. ती दोघं मनोऱ्यावरून उतरून आली तेव्हा मी पाय घसरून पडलो असं सांगितलं. सुनेने माझ्या कोपराला मलम लावलं.

त्यानंतर मला भीती होती की पोर बोलेल. रोज जेवताना तिने तोंड उघडलं की मी घाईने तिच्या ताटात काहीतरी वाढायचो. तिला माझ्यापासून तोडतील, एवढंच मला दिसायचं. बायको गेल्यावर घरात माझ्याशी बोलणारं दुसरं आहे कोण. मुलगा-सून वाईट नाहीत, पण ती कामात. पोर शाळेतून आली की माझा दिवस सुरू होतो.

पण ती बोलली नाही. ती दुसरंच करायला लागली. ताटातली पोळी खिशात घालायची. मला वाटलं, लपवून खात असेल. मग एक दिवस तिचे बूट ओले दिसले. आमच्या घराच्या कुंपणामागे कॉलनीचं तळं आहे, पावसाचं पाणी साठायला केलेलं. तिथेही अधूनमधून मगर येते, आली की कॉलनीतले फोनवर फोटो पाठवतात. मी तिला विचारलं, कुठे गेली होतीस. म्हणाली, आजीला द्यायला.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागलो. उन्हात, घाम गाळत. तिला शंभरदा सांगितलं, तिकडे जायचं नाही. ती मान हलवायची, माझ्यासारखीच. सून म्हणायची, बाबा ऊन खातात, बरंय, मन रमतं. मी तिथे राखणीला बसत होतो, आणि कशाची राखण हे कुणाला सांगायची माझी हिंमत नव्हती. लघवीला उठलो तरी जीव वरखाली. सांगितलं तर पोर हातची जाणार, नाही सांगितलं तर पोरच जाणार. हे मला कळत होतं, आणि तरी मी तीन आठवडे काढले. माणूस भित्रा असला की किती हिशेबी वागतो ते मी स्वतःत बघितलं.

त्या रविवारी टीव्हीवर पुलानंतर बेट आलं. ब्रिस्बेनच्या जवळ समुद्रात वाळूचं बेट आहे, तिथे लोक रांगेने गुडघाभर पाण्यात उभे राहतात आणि हातातला मासा डॉल्फिनला भरवतात. शेजारी तिथला माणूस उभा असतो, सगळं नीट शिस्तीत. डॉल्फिन येतो, हातातून मासा घेतो, जातो.

नात सोफ्यावरून उतरून टीव्हीजवळ गेली. "तिकडे पण आजी येईल?" तिने मला विचारलं. "मी पाण्यात जाऊन देईन."

मुलगा हसला. सून म्हणाली, किती आठवण काढते. मी म्हणालो, टीव्ही बंद कर.

मग सगळं सांगितलं. सुकटीपासून. पोरीसमोरच सांगितलं, कारण तिला बाहेर पाठवायची मला भीती वाटत होती. मुलगा मध्ये एकदाच बोलला, मगर पोरीपासून किती लांब होती असं विचारलं. मी उठलो, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची इथे ठेवली, दुसरी तिथे. त्याने दोन्ही खुर्च्यांकडे बघितलं. सुनेने पोरीला जवळ ओढून इंग्रजीत काहीतरी विचारलं, पोर इंग्रजीत बोलली, मला त्यातलं आजी तेवढं कळलं. बोलता बोलता पोरीने खिशातून पोळीचा तुकडा काढून आईला दाखवला. सून तिला घेऊन वर गेली.

मुलाने खुर्च्या परत टेबलाला लावल्या. मग म्हणाला, "मगरीचं मी समजू शकतो, बाबा. तुम्ही तिला आमच्यापासून लपवायला शिकवलंत."

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी तो बाजारातून कडी घेऊन आला आणि मागच्या गेटला अगदी वर बसवली. मी स्क्रू धरून उभा होतो. सून खाली आली ती डोळे धुऊन. म्हणाली, बाबा, काही दिवस तुम्ही एकटे तिला घेऊन कुठे जाऊ नका. ब्रिस्बेनला जायचं का ते नंतर बघू. मी म्हणालो, बरं. ज्याला तीन आठवडे भीत होतो ते एवढंच वाक्य होतं.

"पण तिला तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मी मघापासून सांगतेय, ती ऐकत नाही. आजोबा चालतं म्हणाले म्हणते."

पोर जिन्यावर बसली होती. सून वरच्या पायरीवर, मुलगा खाली. मी मध्ये बसलो. तळ्याकाठी आवाज आला नव्हता, तसाच इथेही येईना. कारण तिला खोटं पाडायचं म्हणजे मला स्वतःला ऐकवायचं होतं. बायको जाऊन इतके महिने झाले आणि मी ते तोंडाने एकदाही बोललो नव्हतो.

मी म्हणालो, ती मगर होती. आजी नव्हती.

"मग आजी दुसऱ्या मगरीत आहे?"

"कुठल्याच नाही. डॉल्फिनमध्ये नाही, कावळ्यात नाही. आजी मेली. तिला आता भूक लागत नाही. मी तुला चालतं म्हणालो ते चुकीचं होतं."

तिने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं रडेल. ती विचार करत होती.

"मग आजीचा भात कुणी खाल्ला?"

"मगरीने," मी म्हणालो. "नुसत्या मगरीने."