जावयाकडे मागायचं नसतं

आमच्या ओट्यावर जो येतो तो काहीतरी मागायलाच येतो. सकाळी दूधवाला किटली टेकवतो न टेकवतो तोच म्हणतो, "वहिनी, पुतण्याला कंपनीत चिकटवायचं होतं, साहेबांच्या कानावर घाला ना." अरे मेल्या, आधी दूध तरी ओत! मग पाण्याचं निवेदन घेऊन कोणी, बदलीचं घेऊन कोणी, कॉलेजच्या प्रवेशासाठी पोरीला पुढे घालून कोणी. एकदा एक जण आला तो म्हणाला, बायको माहेराहून येत नाही, साहेबांनी फोन करावा. साहेबांनी केला. ती आलीही. नांदली की नाही ते विचारायला मला सवड झाली नाही, कारण तोवर चहाचं दुसरं आधण ठेवायची वेळ झाली होती.

मी लग्न होऊन अलिबागला आले तेव्हा हे साधे वकील होते. काळा कोट, सायकल, कोर्ट. संध्याकाळी समुद्रावर फिरायला जायचो आम्ही, खोटं वाटेल आज सांगितलं तर. मग पहिल्यांदा आमदारकीला उभे राहिले आणि पडले. मला वाटलं, सुटले. कसलं काय! पडलेला माणूस पुन्हा उभा राहिल्याशिवाय राहत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला निवडून आले, त्यानंतर आणखी दोनदा. घरातल्या चपला वाढल्या, बोलणं कमी झालं.

आमदारकी म्हणजे विधानसभेत भाषणं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे आमदारकी म्हणजे दहावे आणि हळदी. कोणाच्या दहाव्याला आमदार आला नाही तर ते घर पाच वर्षं लक्षात ठेवतं, आणि हळदीला येऊन जेवला नाही तर सात पिढ्या. गाडीत कायम दोन सदरे टांगलेले असत, पांढरा दहाव्याचा आणि रंगीत हळदीचा. एकदा घाईगर्दीत रंगीत सदऱ्यानेच दहाव्याला जाऊन बसले. ती वाडी पुढच्या निवडणुकीत हातची गेली ती गेलीच. रात्री आले की पायात त्राण नसायचं. जेवायला वाढलं तर म्हणायचे, "अगं, चार ठिकाणी जेवलोय." आणि मी मेली थांबलेली असायची.

पण सांगायचंय ते माझ्या माहेराचं.

माझं माहेर रेवदंड्याच्या पुढे, खाडीकाठी. गाव लहान, पण एकजीव. तिथे गावकी बसते देवळात, आणि गावकीत ठरलं की ठरलं. हे निवडून आले त्या खेपेला माझा दादा, थोरला भाऊ, गावकीचा पुढारी होता. देवापुढे नारळ ठेवून त्याने विचारलं, "आपला जावई उभा हाय. काय करायचा?" सगळ्यांनी एकच सांगितलं, जावई दारात आला तर त्याला रिकाम्या हाताने धाडायचं नसतं. तेव्हापासून माझ्या माहेरचं एक मत कधी इकडचं तिकडे झालं नाही. पक्ष बदलला, चिन्ह बदललं, कोण कोणाबरोबर आहे ते पेपरवाल्यांनाही कळेनासं झालं. माझ्या गावाला त्याचं काहीच नव्हतं. ते पक्षाला मत देतच नव्हते. जावयाला मान देत होते.

आणि जावयाला जसं द्यायचं असतं, तसं त्याच्याकडे मागायचं नसतं. लेकीच्या घरी हात पसरायचा नाही ही आमच्याकडची रीत. माझे बाबा तर मला मूल होईपर्यंत इथलं पाणीसुद्धा प्यायले नाहीत, तहानेने घसा सुकला तरी. दादा चहा घेतो, पण ओट्याच्या कडेला बसून, पाव्हण्यासारखा. येताना हात कधी रिकामा नाही. पांढऱ्या कांद्यांची माळ, वालाच्या शेंगा, शेततळ्यातला भलामोठा जिताडा मासा, आणि भात झोडपलं की नव्या तांदळाचं पोतं. सगळा मतदारसंघ आमच्याकडून न्यायला यायचा आणि माझं माहेर तेवढं द्यायला. मला अभिमान वाटायचा हो. ओट्यावर बसलेल्या मागणाऱ्यांकडे बघून मनात यायचं, बघा जरा, अशी असतात माणसं.

एका वर्षी दादा पोतं ठेवून गेला. भात शिजायला टाकला आणि वास आला तसा माझा हात थांबला. हा आमच्या शेतातला तांदूळ नव्हता. पोतं घरचं, तांदूळ दुकानातला! विकत आणून घरच्या पोत्यात भरून माझ्याकडे पोचवला होता. मी गॅस बंद केला, रिक्षा केली आणि तशीच माहेरी गेले.

खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून आमच्याकडे मातीचा लांबलचक बांध असतो. त्याला बाहेरकाठा म्हणतात. उधाणाच्या भरतीने तो कुठे फुटला, म्हणजे खांड पडली, की पूर्वी अख्खं गाव चिखल, पेंढा घेऊन धावायचं आणि ओहोटी संपायच्या आत बुजवून टाकायचं. मीसुद्धा पोरपणी डोक्यावरून चिखल वाहिलाय. पण आता गडीमाणसं कोण राहिलीत गावात? कोणी मुंबईला, कोणी कंपनीत पाळीवर. म्हातारे नि बायका राहिल्या. त्यांनी प्रयत्न केला, पण खांड दोन भरत्यांत एवढी रुंदावली की तिच्यातून होडी जाईल. भाताच्या खाचरात खारं पाणी हेलकावत होतं. एवढी शेती, जिच्यावर आम्ही भावंडं वाढलो, ती खाडी झाली होती. दादा माझ्या शेजारी उभा होता आणि आकाशाकडे बघत होता.

"आणि तू मला तांदूळ विकत आणून देतोस होय रे?" मी ओरडलेच त्याच्यावर.

"मग काय मोकला येऊ?" तो म्हणाला.

"अरे, तुझा मेव्हणा आमदार आहे!"

"म्हणूनच," तो म्हणाला आणि घराकडे चालायला लागला.

घरी येऊन मी ह्यांना गाठलं. सदरा बदलत होते, पांढऱ्याचा रंगीत. सगळं ऐकून घेतलं, वाईटही वाटलं त्यांना, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "त्यांचं निवेदन येऊ दे ग्रामपंचायतीचं, लगेच हालवतो. पण मी आपणहून केलं तर उद्या विरोधक म्हणतील, सासरवाडीचं भलं केलं. रीतसर येऊ दे." मग बटणं लावत म्हणाले, "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, अगं." आणि गेले हळदीला.

आता बघा. खाडीच्या पलीकडच्या गावाचा बांध त्याच उधाणात फुटला होता. ते लोक दोन टेम्पो भरून आमच्या दारात आले, ह्यांना तोंडावर वाटेल ते बोलले, घोषणा दिल्या, माझी तुळस तुडवली. त्यांचा बांध पुढच्या पावसाच्या आत दगड लावून पक्का झाला. मतं मात्र त्यांची अर्धीमुर्धीच असायची!

मी दादाला निवेदन लिहून नेऊन दिलं. स्वतः बसून लिहिलं, वकिलाची बायको आहे, भाषा माहीत आहे. म्हटलं, फक्त सही कर आणि पंचायतीचा शिक्का मारून घे. त्याने ते वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवलं. "बाय, जावयाच्या दारात गावानं अर्ज घेऊन हुभं ऱ्हायचं? बाबा असते तर त्यांना चाललं असतं?" मी भांडले, रडले, वहिनीला मध्ये घातलं. वहिनी म्हणाली, "तुमच्या भावाला सांगून देव थकला." इकडे ह्यांना पुन्हा सांगावं तर, निवेदन आलं का? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यात तिवरं उगवायला लागली. खारं पाणी राहिलं की शेतात तिवरं येतात, खाडीतली ती झाडं. एकदा ती वाढली की जमीन कांदळवनात मोजतात आणि मग तोडायला कायदा आड येतो. म्हणजे बांध नंतर बांधूनही काय उपयोग, शेत कायमचं गेलं. पहिल्या वर्षी ती बोटाएवढी होती. पुढे गुडघ्याला लागायला लागली. मी प्रत्येक वेळी गेले की आधी तिवरं बघायची, मग माणसं.

मग ह्या खेपेची निवडणूक आली. मी ह्यांना म्हटलं होतं, पुरे आता. साखर वाढलीय, गुडघे बोलतात, कशाला? म्हणाले, "हे शेवटचं." हे वाक्य मी मागच्या वेळीही ऐकलं होतं. घरात पुन्हा मंडपवाले, वडापावचे डबे, बॅनरच्या गुंडाळ्या, झोपायच्या खोलीत कार्यकर्ते. मला माझ्याच घरात पाठ टेकायला कोपरा उरला नव्हता.

अशा गर्दीत एका दुपारी दादा आला. ओट्यावर बसला नाही, सरळ मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. हातात काही नव्हतं. मी घाबरले. कोणी गेलं की काय, असंच वाटलं मला.

"बाय," तो म्हणाला, "मागायला आलोय."

काय सांगू तुम्हाला, माझे डोळे भरून आले. म्हटलं, अगं बाई, पाझर फुटला एकदाचा ह्या दगडाला! "माग की रे! थांब, मी ह्यांनाच बोलावते."

"त्यांना न्हाय. तुज्याकडं मागायचाय." तो खाली फरशीवरच बसला. "देवापुढं नारळ ठेवून आमी शबूद दिला होता, जावयाला मत. तो शबूद मोडायचा तर लेकीनं मोकला केल्याशिवाय मोडता येत न्हाय. गावकी बसली काल. म्हाताऱ्यांचा म्हणणा, तिला विचार."

मला कळेचना. "म्हणजे? दुसऱ्याला मत देणार? का? कोणी काय दिलं तुम्हाला?"

"कोन काय देनार." त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाय, जावयाकडं मागता येत न्हाय. परक्याकडं येतं. आमदार परका असला तर आमी त्याच्या दारात बसू, भांडू, आयमाय काढू त्याची. पन बांध घेऊ बांधून. जावयाला शिव्या घालू का? तुज्या दारात? येत्या पावसात तिवरं कमरेला लागतील. मग कोनाकडंच मागून उपेग न्हाय."

बाहेर ओट्यावर ह्यांच्या नावाचा जयजयकार चालला होता. कुठलं तरी मंडळ पाठिंबा द्यायला आलं होतं. माझ्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं आणि मागितलं ते हे! मला त्याचा राग आला, ह्यांचा आला, त्या देवळातल्या नारळाचाही आला. एक सही करायची नाही, पण आख्खी निवडणूक उलटवायची तयारी! असली कसली मेली ही रीत? मी तसं बोललेसुद्धा. तो ऐकून घेत होता. त्याचे हात मांडीवर पालथे पडले होते, बाबांचे असायचे तसे, आणि त्यांच्यावर वय चढलेलं मला तेव्हाच दिसलं.

"जा," मी म्हटलं. "सोडला तुमचा शब्द."

त्यानंतर प्रचार संपेपर्यंत मी ह्यांच्या मागे हात जोडून फिरले. आगरदांड्याच्या जेट्टीपासून इकडे कितीतरी वाड्या, कितीतरी मोहल्ले. बायकांना कुंकू लावलं, कडेवरची पोरं घेतली, "लक्ष असू द्या" म्हटलं. प्रत्येक दारात हसले. मी ह्यांना फसवत होते का? होते. पण निजायला गेले की डोळ्यांपुढे ह्यांचा चेहरा यायचा नाही, ती झाडं यायची. गुन्हा वाटायचा तो एवढाच, की मला वाईट वाटत नव्हतं, फक्त दमायला होत होतं.

हे पडले. थोडक्या मतांनी पडले, माझ्या माहेरच्या मतांहून कमी. अजून काही गावं फिरली होती, चिन्हाचा घोळ झाला होता, कारणं शंभर सांगता येतात. पण बूथवार आकडे आले तेव्हा कार्यकर्त्यांनी एकाच बूथवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता एकेक करत निघून गेले. संध्याकाळी ओटा रिकामा होता. दारात चपला फक्त आमच्या दोघांच्या. किती वर्षांनी आम्ही समोरासमोर बसून चहा घेत होतो.

"तुझ्या गावाला काय झालं?" ह्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

मी सगळं सांगितलं. दादा आला होता ते, मी काय म्हटलं ते. ह्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं.

"पण एक निवेदन द्यायचं होतं ना," ते म्हणाले. "मी काय नाही म्हटलं असतं?"

आणि ते खरं होतं हो. हसत सही केली असती. मला मात्र तिडीक आली. म्हटलं, "तुम्हाला काय कळणार! दर पाच वर्षांनी दारोदार हात जोडून मागायची सवय तुम्हाला. ज्याला मागताच येत नाही, त्याचं काय होतं ते तुम्हाला कसं कळावं?"

 ते अगदी हळू म्हणाले, "तुझ्या गावात मात्र मी कधीच मागायला गेलो नाही गं. एकाही निवडणुकीत. न मागता देत होते, म्हणून गेलोच नाही."