सुमितमधला ‘स’

“आजी, मी म्हणेन तो शब्द तसाच परत म्हणायचा,” काचेपलीकडची मुलगी हेडफोनमधून म्हणाली. ती ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कानाची तपासणी करणारी. तोंडासमोर तिने पुठ्ठा धरला होता, म्हणजे मला तिचे ओठ दिसू नयेत. जन्मभर मी शाळेत पोरांना श्रुतलेखन घातलं. आता ती मला घालत होती.

मी म्हटलं “आप”. ती “साप” म्हणाली होती. मी म्हटलं “आत”. तो “सात” होता.

बाहेर तिने ऑडिओग्राम दाखवला. कुठला आवाज किती ऐकू येतो, त्याचा तो आलेख. डावीकडे, जाड आवाजांना, रेघ बरी होती; उजवीकडे, बारीक आवाजांना, घसरगुंडीसारखी खाली गेली होती. दोन्ही कानांची तीच गत. “याला प्रेसबायक्युसिस म्हणतात, वयामुळे येणारं बहिरेपण,” ती म्हणाली. “तुम्हाला आवाज येतो, पण शब्द पुरता येत नाही. स, श, फ ही अक्षरं बारीक, उंच आवाजाची. ती टिपणाऱ्या कानातल्या पेशी झिजल्यात. त्या पुन्हा येत नाहीत.”

माझी सून नीता बरोबर होती. तिने कानाच्या मशीनचं विचारायला सुरुवात केली. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी त्या ‘स’ पाशीच अडकले होते. सुमितमधला ‘स’ गेला तर काय उरतं, ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

आम्ही आगरी. आमच्याकडे हळदीला धवलारीण लागते. धवला म्हणजे लग्नाचं गाणं, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. मी सासूकडून शिकले. मी आणि थोरली जाऊ मथुरा जोडीने गायचो. धवल्यात नवऱ्या मुलाचं नाव पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, म्हणून बसण्याआधी नाव विचारून घ्यायचं. या तपासणीच्या थोडं आधी किहीमजवळच्या एका गावात हळद होती. घर अनोळखी होतं. दारातच एका पोरीने मला नाव सांगितलं. सांगितलं होतं सुमित. माझ्या कानी ‘उमित’सारखं काहीतरी आलं, मी धरलं अमित.

पहिल्याच कडव्याला बायका गप्प झाल्या. मथुराने मांडीला चिमटा काढला. मला वाटलं, सूर चढला असेल. मी आणखी जोरात अमितचं नाव घेतलं. तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई हळदीच्या हातांनी उठली, माझ्यापाशी आली, वाकून कानात काहीतरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला नुसतं गुंऽऽ ऐकू आलं. मग मी तेच केलं, जे गेली कित्येक वर्षं करत होते. हसले आणि मान डोलावली.

मथुराने माझा हात धरून मला उठवलं. गाणं तिथेच राहिलं. रिक्षात ती माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, “अगो, अमित त्यांचा थोरला. हायवेवर गेला, बिनलग्नाचा. आनि तू त्याचाच नाव घेतलास, हलदीला!”

“आणि ती मला काय म्हणाली?”

“माला काय ठावं? तुज्या कानात बोलली ना.”

तेव्हापासून मला अन्न गोड लागेना. शिवी दिली असेल का? शाप दिला असेल? आणि मी त्याला हसून होकार दिला? घरात सगळे म्हणत, सोडून द्या. ऐकू आलं असतं तर सोडलंही असतं.

दोन्ही कानांना मशीन मिळाली. कानामागे शेंगदाण्याएवढी, बारीक वायर आत जाते, फोनसारखी चार्ज करायची. पहिल्या दिवशी बांगड्यांचा आवाज अंगावर आला. वर्तमानपत्राची घडी कडाकडा वाजली. नीता ओट्याशी पुटपुटते तेही कळलं. ते न कळतं तर बरं होतं. बोलणं खरंच समजायला लागलं. मोठ्या हौसेने मी मथुराला बोलावलं आणि आम्ही धवला सुरू केला.

सूर लांबवला की तो थरथरायचा, तुटायचा. मथुराचा आवाज डब्यातून आल्यासारखा. मी परत धावले. ऑडिओलॉजिस्ट म्हणाली, “लांबलेला सूर मशीनला स्वतःची शिट्टी वाटते. याला फीडबॅक म्हणतात. ती तो दाबून टाकते.” तिने गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम घालून दिला. थोडा फरक पडला. “आजी, तुमच्या बाबतीत याहून जास्त नाही होणार. फार आधी यायला हवं होतं.”

वेटिंग रूममध्ये मी सगळ्यांदेखत रडले. आता दुकानदार काय म्हणतो ते मला कळणार, आणि माझं गाणं मात्र गेलं. गेलंच ते. यात गोड मानून घेण्यासारखं काही नाही, आणि कुणी सांगितलं तर मला राग येतो.

ज्यांना अजून फक्त ‘थोडं कमी’ ऐकू येतंय, त्यांना शिक्षिका म्हणून एवढंच सांगते: लवकर जा. आणि ऐकू आलं नाही तर हसू नका, मान डोलावू नका.

शेवटी मी किहीमजवळच्या त्या गावी गेले, एकटीच. सुमितची आई ओटीवर वाल सोलत होती. मी तिच्या समोर बसले, ओठ दिसतील अशी. म्हटलं, “बाय, माझे कान गेलेत. मुलाचं नाव मी चुकीचं ऐकलं. आणि त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात, तेही मला ऐकू आलं नाही.”

तिने हातातला वाल बाजूला ठेवला.

“आयकूच न्हाय आला?” ती म्हणाली. “मी बोलली, माज्या अमितचा नाव पुन्ना एकदा घ्या. त्याला हलद लागलीच न्हाय कवा. तुमी हसल्या, मान हालवली, न् गानाच थांबवला. माला वाटला, तुमाला पन तो अपशकुनी वाटला.”

शब्द न् शब्द ऐकू आला. इतकं स्पष्ट ऐकायची माझी तयारी नव्हती.

मी मशीन काढून वालाच्या सालांशेजारी ठेवल्या. त्या लावल्या की सूर तुटतो; काढल्या की तो नीट ऐकू येत नाही, पण निदान अखंड राहतो. मी अमितचं नाव घेऊन धवला म्हटला. माझाच आवाज मला डोक्याच्या आत कुठेतरी घुमल्यासारखा येत होता. सूर लागला की नाही, देव जाणे.

मध्येच तिचे ओठ हलले. माझी मान सवयीने डोलणारच होती. मी गाणं थांबवलं, दोन्ही मशीन कानात घातल्या आणि विचारलं, “काय म्हणालात?”