नयननं जपलेले ढावलो

नयन राठोडची आमच्या दिग्रसमधी काही लोक टिंगल करतात. त्याईच्या जिभेले हाडच नाही. हा मानूस पुसदच्या एका संस्थेत तासावर शिकवे आन सुट्टी भेटली का मोटरसायकल काढून तांड्या-तांड्यानं फिरे. बंजाऱ्याची पोरगी सासरी निघाली का बायाच्या गळ्यात पडून गाऊन रडते, त्याले ढावलो म्हनतात. आता डीजेच्या धिंगाण्यात हे कोनाले येते? नयनले एकच ध्यास, हे मरू द्याचं नाही.

सगळ्यात जास्त ढावलो बसंतीबाईले येत. ऐंशीची म्हातारी. नयन तिले याडी म्हने, म्हंजे माय. ती म्हने, रेकॉर्डिंगच्या मोबाइलपुढं रडू येत नाही, गळा पायजे. मग काय, हा चौतीस वर्साचा मिशीवाला गडी डोक्यावर ओढनी घेऊन नवरी बनून बसला. बाया हसून हसून लोळल्या. पन म्हातारीनं त्याच्या गळ्यात हात टाकले आन पहिल्या बाळंतपनात गेलेल्या आपल्या पोरीच्या नावानं जे गायलं, तं सगळ्याईचं हसनं बंद झालं. मी होतो तिथं. माह्याबी डोळ्यात पानी आलं, लपवत नाही.

संस्थेचा सचिव भीमसिंग म्हनला, याचं कॉम्प्युटरवर संग्रहालय करू. माहं कॉम्प्युटरचं दुकान, काम माह्याकडं आलं. सॉफ्टवेअर मी संस्थेच्या कॉम्प्युटरवर कंटेनरमधी बसवलं. कंटेनर म्हंजे कॉम्प्युटरच्या आतली बंद खोली. तिले तुमी द्याल तेवढंच फोल्डर दिसते. मेन डिस्क भरली होती, म्हनून रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर ठेवले आन त्या फोल्डरमधी नुसती सिमलिंक टाकली, म्हंजे ‘माल तिकडं हाये’ अशी पाटी. बाहेरून क्लिक केलं, गानं वाजलं, मी खूश. खोलीच्या आतून पायलंच नाही. आत पाटी गेली, माल बाहेरच राह्यला. वरून मीच नयनले म्हनलो, आता मोबाइलमधले काढून टाक, जागा कायले अडवतं. त्यानं काढून टाकले.

उद्घाटनाले मी साळीच्या लग्नात होतो. तिकडं तांडेच्या तांडे आलते, बसंतीबाई पहिल्या रांगेत. पडद्यावर आलं, एकूण रेकॉर्डिंग शून्य. नयन माऊस फिरवत घाम पुसत राह्यला. भीमसिंगनं माइक घेतला आन भर सभेत सांगतलं का तीन वर्स हा मानूस संस्थेच्या नावावर फिरला, काम काहीच नाही. दुसऱ्या दिवशी नयनले ऑफिसचं दार बंद.

त्यानं मले फोन केला. मले तिथल्या तिथं समजलं का घोळ कुठं हाये. दुसरी डिस्क कंटेनरले दाखवाची, दहा मिनिटाचं काम. मी म्हनलो, सोमवारी येतो, दुकानात गर्दी हाये. काय आग लागली होती त्या गर्दीले.

सोमवारी गेलो तं डिस्क जाग्यावर नव्हती. पडद्यावर शून्य आलं, म्हंजे रिकामीच तं हाये म्हनून भीमसिंगनं ती पुसून परीक्षेच्या कामाले देली होती. तिच्यावर दोन दिवसाचे पेपर स्कॅन करून चढवलेले. मी तीन दिवस झटलो, म्हातारीचा एक हुंदकाबी निघाला नाही.

मग नयन मले घेऊन तांड्यावर गेला. पुन्हा गा म्हनून हात जोडले. म्हातारी बाजेवर बसली होती.

“माह्या पोरीसाठी तुह्या गळ्यात पडून रडली मी. ते तू हरवून आला. आता कोनत्या भरोशावर रडू?”

मले बोलाले पायजे होतं, का याडी, चूक माही हाये, त्याची नाही. नयननं माह्याकडं पायलंबी नाही.

“हो याडी,” तो म्हनला, “माह्याच हातून गेलं.”

तिनं भिंतीकडं तोंड केलं. आमी निघून आलो.

होळीच्या आधी ती वारली. खरं सांगाले आठ महिने होते माह्याजवळ, आन तांडा दुकानापासून अर्ध्या तासावर.