आक्कांचा खारा तलाव

काचेची बोटभर नळी उन्हाकडे धरायची, एक डोळा मिटायचा, ओठ आत ओढून घ्यायचे आणि निकाल द्यायचा, "आज पाण्याला बरं न्हाय." आक्कांचा दिवस असा सुरू व्हायचा आणि माझा तिथंच संपायचा. कारण त्यांच्या नव्या तलावावर बायकांना पोहायला शिकवायला मला नेमलं होतं, आणि पाण्याला बरं नसेल तर त्यात कुणी पाय घालायचा नाही, असा आक्कांचा दंडक होता.

अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. नवा सोफा आणतात आणि त्यावरचं प्लास्टिक काही काढत नाहीत. पाहुणे आले की त्यांना खुर्च्या देतात. आक्का त्यातल्याच, फक्त त्यांचा सोफा पाण्याचा होता.

वडगावात त्यांच्या घरी साड्यांचे माग होते. नवरा गेल्यावर आक्कांनीच ते चालवले. मुलगा बँकेत लागला, माग विकले गेले, आणि खासबागेकडच्या मोकळ्या जागेवर काय करायचं हा प्रश्न आला. मुलाला मंगल कार्यालय हवं होतं. आक्कांनी बायकांसाठी पोहण्याचा तलाव बांधला. त्यांचं माहेर सदलग्याचं. तिथं नदीत पोरं उड्या मारायची आणि पोरी काठावर धुणं आपटायच्या. "आमी काय दगडं हुतो काय?" एवढंच त्या सांगायच्या. आक्कांनी पूल बांधलाय असं कुणी म्हटलं की शेजारपाजारचे विचारायचे, "कुठल्या नाल्यावर?"

तलाव खाऱ्या पाण्याचा होता. तलाव बांधणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरनं सांगितलं होतं की मीठ पाण्यात विरघळवायचं, पाणी मशिनमधून फिरलं की त्यातल्या मिठाचंच क्लोरीन होतं, वेगळं आणून टाकायला नको. मिठाची पोती टेम्पोतून उतरली तेव्हा समोरच्या घरातली बाई विचारून गेली, लोणच्याचा कारखाना काढताय का. मीठ विरघळल्यावर आक्कांनी बोट बुडवून चव घेतली. "सारात मीठ कमी पडल्यागत लागतंय," त्या म्हणाल्या. इंजिनिअर म्हणाला, एवढंच लागतं. आक्कांना ते पटलं नाही, पण सही केली.

जाताना तो पाणी तपासायची पेटी ठेवून गेला. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि येणारा रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा आला तर आंबट जास्त, जांभळट आला तर चुना जास्त, मधला गुलाबी आला तर ठीक. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, त्यामुळे सुरुवातीला रोज बघायचं आणि लागेल तसं थोडं थोडं ॲसिड घालायचं.

रंग जुळवणं हे आक्कांचं मागावरचं काम. म्हणजे त्यांना तसं वाटायचं. मी "गुलाबी" म्हटलं की त्या म्हणायच्या, "ह्याला गुलाबी म्हनत न्हाईत गं टीचर. ह्यो डाळिंबी." मग घरातून एक साडी यायची, तिच्या काठाशी नळी धरली जायची, आणि तोवर ऊन सरकून नळीतला रंग वेगळाच दिसायला लागायचा.

उद्घाटनाच्या सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. तळाच्या फरश्या दिसेनात. बोअरचं जड पाणी आणि त्यात सिमेंटचा चुना. थोडं थोडं ॲसिड घालायला आक्कांना धीर राहिला नाही. मी नको नको म्हणेपर्यंत पंपाजवळ अख्खा कॅन रिकामा झाला. संध्याकाळी नळीत रंग आला तो लिंबासारखा पिवळा.

पिशव्या घेऊन आलेल्या बायकांना आक्कांनी सकाळीच फाटकावरून परत पाठवलं होतं. "पाणी आजारी हाय, घरला जावा."

इंजिनिअरनं फोनवर सांगितलं की आता खायचा सोडा घाला, पाणी सावरेल, पण किलोच्या हिशेबानं लागेल. मग मी आणि आक्का स्कूटरवरून सोडा गोळा करत फिरलो. एका दुकानदारानं विचारलं, "आक्का, भज्याचा गाडा लावताय काय?"

"व्हय," आक्का म्हणाल्या. "तू यी तळायला."

पाणी सावरलं. तळाची फरशी न् फरशी मोजता यावी इतकं स्वच्छ झालं. नळीतला रंग कुठल्याही साडीशी जुळेना, सरळ तक्त्याशीच जुळला. बायका पुन्हा आल्या. आक्का फाटकात उभ्या. "आज कुठं जरा निजलंय त्ये. उद्या या." दुसऱ्या दिवशी कुणाच्या केसांना तेल होतं. त्यानंतर कुणीतरी पावडर लावून आली होती. मी बाकावर बसून पगार घेत होते आणि बायका माझ्याशेजारी बसून पाणी बघत होत्या.

शेवटी मुलगा म्हणाला, "आई, कुणी उतरणारच नसेल तर बुजवूया. वर हॉल बांधतो."

आक्कांनी नळी भरली, रंग तक्त्याशी जुळला. तरी ती ओतून त्यांनी दुसऱ्यांदा भरली. मी म्हटलं, "आक्का, पाण्याला काही झालेलं नाही. तुम्हीच भिताय."

त्यांनी नळीतलं पाणी ओतून टाकलं. मग म्हणाल्या, "कोन बुडली म्हंजे?"

"म्हणून तर मला ठेवलंय ना."

"तू एकली. आनि त्या बघ किती हाईत." बाकावरच्या बायकांकडे त्यांनी मान वळवली. सगळ्या वडगाव-शहापूरच्या, मागाच्या घरातल्या. कुणाला कधी पाण्यात घोट्याच्या वर उतरायला मिळालं नव्हतं.

"पुन्यांदा एक डाव बघतो," असं म्हणत आक्का नळी भरायला काठावर वाकल्या. पदर पायात आला आणि त्या सरळ पाण्यात गेल्या.

मी कपड्यांसकट उडी मारली. जाऊन पाहते तर कमरेइतक्या पाण्यात आक्का उभ्या होत्या. नळी धरलेला हात उंच, बाकी सगळ्या भिजलेल्या. मी दंड धरला तर म्हणाल्या, "सोड. हुबी हाय न्हवं मी."

आणि तेवढ्यात त्यांच्या भोवतीचं पाणी लाल व्हायला लागलं. मी त्यांचे हातपाय चाचपले. पण लागलेलं कुठंच नव्हतं. साडीचा रंग जात होता. जन्मभर ज्यांनी गिऱ्हाइकाला "रंग जानार न्हाय, मी सांगतो" म्हणून साड्या दिल्या, त्या आक्का पसरणाऱ्या लालीकडे बघत राहिल्या.

"ही आमच्या मागावरची न्हाय," त्या म्हणाल्या.

बाकावरून एक बाई म्हणाली, "असलीच मला दिलतासा की वो, आक्का. चौकोन काठाची."

आक्कांनी तिच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि हसायला लागल्या. इतक्या, की नळी हातातून सुटली आणि तळाला गेली. "आता काय ऱ्हायलंय बघायचं. या सगळ्याजनी," त्या म्हणाल्या. आक्कांचं मन बदलायच्या आत बायका कपडे बदलून आल्या. आंघोळ करून उतरा असं सांगायचं माझं काम होतं. त्या दिवशी मी ते केलं नाही.

पाण्यात उतरलेला साडीचा रंग क्लोरीननं खाऊन टाकला. बुजवायची गोष्ट मुलानं पुन्हा काढली नाही.

आक्का स्वतः सगळ्यांत शेवटी शिकल्या, आणि पोहायला नाहीच, फक्त पाठीवर तरंगायला. कान पाण्याखाली गेले की त्यांना फार आवडायचं. "मागाची खडखड अजून कानात हाय बघ," त्या मला एकदा म्हणाल्या. "हितं निजलो की थांबती."

गेल्या थंडीत आक्का गेल्या. चार दिवसांचा ताप, बाकी काही नाही.

त्याआधीच्या उन्हाळ्यातली एक दुपार मला आठवते. बायका घरी गेल्या होत्या. आक्का मधोमध तरंगत होत्या, डोळे मिटलेले, पांढरे केस पाण्यावर मोकळे. मुलगा बँकेतून आला आणि फाटकातून हाका मारायला लागला. मी त्याला खुणेनं सांगितलं, त्यांना ऐकू जात नाही.

मी पाण्यात जाऊन उठवू का, असंही विचारलं. तो नको म्हणाला. बूट काढून, पँट दुमडून तो काठावर माझ्याशेजारी येऊन बसला, आणि आम्ही दोघं त्या उठायची वाट बघत राहिलो.