सीताराम ओव्हाळ पोहायला शिकला

सीताराम ओव्हाळला पोहायला शिकावं लागलं ते वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

लोणावळ्यात वलवणच्या धरणाकाठी मुंबईच्या एका कंपनीचा बंगला होता. तिथल्या बागेत सीताराम सात वर्षं राबत होता, पण हंगामी. चौसष्ट साली बंगल्यासाठी होडी आली, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी त्याला बोलावलं. म्हणाले, "होडीवर कायमचा माणूस घ्यायचाय. तू जुना आहेस. पोहता येतं ना?"

"येतं, साहेब."

"मग महिन्याभरानं दाखव."

खोटं बोलून तो बाहेर आला आणि गुलाबाच्या आळ्याशी खाली बसला.

संध्याकाळी त्यानं बहिरूला गाठलं. बहिरू डोंगरातल्या वाडीचा. धरणात जाळं टाकून मासे धरायचा, ते बाजारात विकायचा. वयानं सीतारामपेक्षा दहा वर्षांनी लहान.

"एवढा बाप्या झालास अन् पवता येत न्हाई?" बहिरू हसायला लागला. "गावाकडं हीर नव्हती व्हय?"

"हीर व्हती. आमाला उतरू देत न्हवते."

बहिरूचं हसू थांबलं. "उद्या उजाडायला ये," एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी बहिरूनं पांगाऱ्याचा हलका ओंडका सीतारामच्या पाठीला दोरीनं बांधला. पाणी गार होतं. काठावरच्या चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतत होते. कमरेइतक्या पाण्यात सीताराम थांबला. अंगावर काटा आला होता, दात वाजत होते.

"चल म्होरं."

"हितं बरं हाय."

"हितं म्हशी डुंबत्यात. चल."

आणखी दोन पावलं टाकली आणि पायाखालची जमीन गेली. सीतारामच्या नाकातोंडात पाणी शिरलं. त्यानं हाताला लागलं ते धरलं. तो बहिरूचा गळा होता.

"सोड! दादा, गळा सोड, दोघंबी जाऊ!" बहिरूनं त्याला कसंबसं काठाशी ओढलं. सीताराम चिखलात ओणवा पडून पाणी ओकला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आमची बागच बरी."

"आज ऱ्हाऊ दे. उद्या ये."

तो दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्याही. तो घरून निघाला की बायको विठाबाई तो परतेपर्यंत दारातून हलायची नाही. बहिरू पोटाखाली हात धरून त्याला आडवा करायचा आणि ओरडायचा, "बेडकावानी पाय मार! पान्याला मिठी मारू नगं, ढकल त्याला!" बाराव्या दिवशी बहिरूनं न सांगता हात काढून घेतला. सीताराम चार हात पुढं गेला, आणि मागे वळून बघतो तर बहिरू लांब उभा. त्या दिवशी चौतीस वर्षांचा तो माणूस काठावर बसून पोरासारखा हसला.

महिन्यानं साहेबांसमोर तो पाण्यातल्या खडकापर्यंत जाऊन आला. नोकरी कायम झाली.

मे महिन्यात तो गावी गेला. गाव तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याच्या पलीकडं, तिथून तासाभराच्या वाटेवर. थोरला भाऊ हौशीराम तिथं भिमाजीच्या मळ्यात सालगडी होता. दुपारी मळ्यातल्या विहिरीत सात-आठजण पोहत होते. सगळे सीतारामच्या वयाचे, ओळखीचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आठ वर्षं झाली होती, अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊन त्याहून जास्त. सीतारामनं सदरा काढला.

"अरं, नगं," हौशीराम कुजबुजला.

सीतारामनं उडी मारली होती.

कुणी शिवी दिली नाही. तो पाण्यावर आला तेव्हा एकेकजण पायऱ्या चढून वर निघाला होता. शेवटचा गेला, तसा भिमाजी काठावर येऊन उभा राहिला.

"सीताराम, ये वर," तो शांतपणे म्हणाला. "पानी लय गार हाय, बाधंल."

सीताराम एकटाच दोन फेऱ्या पोहला. मग वर आला, सदरा घातला आणि आईला न भेटताच तळेगाव स्टेशनची वाट धरली. आपण जिंकलो असं त्याला वाटत होतं.

पंधरवड्यानं हौशीराम वलवणला आला. ओट्यावर टेकला, पाणीही घेतलं नाही.

"भिमाजीनं हीर उपसली," तो म्हणाला. "दीड दिस इंजान चाललं. कुनी चालवलं, ठावं हाय का?"

सीतारामनं पाण्याचा तांब्या पुन्हा पुढं केला.

"मी चालवलं. डिझेल मी वतलं. तू पवलेलं पानी म्या उपसलं, अन् समदं गाव बांदावर हुबं ऱ्हाऊन बघत व्हतं."

"न्हाई म्हनायचं व्हतंस."

"मग खायाचं काय? तू कायम झालास. उडी मारलीस अन् लोनावळ्याला आलास. आमाला तितंच ऱ्हायाचंय." हौशीराम उठला. "आई म्हनली, सीतारामाला सांग, आता येऊ नगं."

सीतारामनं त्याला थांबवलं नाही. राग भिमाजीवरचा होता, पण समोर भाऊ होता. "इंजान चालवनाऱ्याच्या घरी मला यायचंबी न्हाई," असं तो बोलून गेला. आपापले शब्द दोघांनाही मागे घेता आले नाहीत. अडुसष्ट साली आई गेली. सीतारामला निरोप पोचला तेव्हा सगळं आटपलं होतं.

होडी त्यानं पुष्कळ वर्षं चालवली. बुडणारी दोन माणसंही काढली. साहेबांनी त्याचं कौतुक केलं आणि एक घड्याळ दिलं. पण कामाशिवाय तो पाण्यात उतरला नाही. मुलगी रतन दहा वर्षांची झाली तेव्हा बहिरू आपणहून म्हणाला, "पोरीला शिकिवतो की."

रतन आशेनं बापाकडं बघत होती.

"नगं," सीताराम म्हणाला. "शिकून जानार कुटं ती? गावच्या हिरीवर?"

बहिरूनं पुन्हा विषय काढला नाही. रतन धरणाकाठीच लहानाची मोठी झाली. तिला पोहता आलं नाही.