चार वाणांचे चार प्लग

मी इंजिनिअर झालो, यासाठी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा असेन तर तो सिल्लोडच्या आडतवाल्या काकांचा. आणि काकांइतका चोखंदळ माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही, हे मी कुठंही शपथेवर सांगायला तयार आहे. नात्यानं ते माझे कुणी लागत नाहीत. माझे वडील मेंढ्या राखायचे. पिकं निघाली की आमचा कळप काकांच्या रानात बसायचा. रानाला लेंडीखत मिळायचं, आम्हाला धान्य. अशाच एका मुक्कामात त्यांनी वडिलांशी बोलून मला सिल्लोडच्या शाळेत घातलं आणि पुढं शहरात इंजिनिअरिंगला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंतही गेलेलं नव्हतं. कॉलेज पसंत करायला काका माझ्याबरोबर आले, पण प्राचार्यांना भेटलेच नाहीत. ते थेट वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेले, पोळ्यांच्या थप्पीतली सगळ्यात खालची पोळी ओढून काढली, उभ्या उभ्या खाल्ली आणि बाहेर येऊन म्हणाले, "शिकवत असतील चांगलं. घाल नाव."

याचं कारण त्यांचा धंदा. मका आणि कापूस घेणारा माणूस पोत्याच्या तोंडाशी असलेल्या मालावर विश्वास ठेवत नाही. तो कोपरापर्यंत हात आत घालतो आणि तळाचा माल वर काढतो. काकांनी हा नियम पोत्यापुरता ठेवला नाही. पेपर घ्यायचा तर गठ्ठ्याच्या तळातला. साडीच्या दुकानात काकूंसाठी साडी बघायची तर दुकानदारानं रचलेल्या चळतीतली खालची, मग वरचा मनोरा कोसळला तरी चालेल. थोरल्या मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा दिवाणखान्यात बसलेच नाहीत. मागच्या दारी जाऊन भांडी घासणाऱ्या बाईंशी गप्पा मारत बसले आणि तिथूनच होकार देऊन आले. त्या सूनबाई आज त्यांना रोज औषध घ्यायला लावतात, म्हणजे पारख काही चुकली नाही.

दुसरा नियम पेरणीचा. एका वाणावर सगळं रान पेरू नये, एक वाण दगा देतो, दुसरा तारतो. त्यामुळं त्यांचे डॉक्टर दोन, एक गोळ्या देणारे आणि एक काढे देणारे, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. पावसाळ्यात ते रेनकोट घालून वर छत्री धरतात. मारुतीला नारळ फोडला की येताना दर्ग्यातही डोकं टेकवतात. विचारलं तर म्हणतात, कुणाच्या का होईना कानावर जाईल. चष्मेही दोन दुकानांतून केलेले, एक सकाळी लावायचा, एक दुपारी. दोन्हींतून सारखंच दिसतं का, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी बराच वेळ विचार करून सांगितलं की दुपारच्या चष्म्यातून माणसं जरा बरी दिसतात.

अशा माणसानं आडत थोरल्या मुलाच्या हाती सोपवल्यावर शहरातल्या कुण्या उद्योजकाच्या पोराकडून लाल रंगाची, दोनच दारांची, टर्बोची स्पोर्ट्स कार विकत घेतली. का घेतली ते कुणालाच कळलं नाही. मला विचाराल तर आयुष्यभर पोत्यांच्या ट्रकमागं जीप हाकलेल्या माणसाला एकदा सगळ्यांच्या पुढं जायचं होतं. गाडी इतकी बसकी की काका तिच्यात विहिरीत उतरल्यासारखे उतरतात. सिल्लोडमधले गतिरोधक ती सरळ ओलांडूच शकत नाही. काका तिरके जातात आणि चहाच्या टपरीवरचे लोक उठून, वाकून पोटाखाली बघत "येऊ द्या, येऊ द्या" करतात. मागच्या सीटवर माणूस बसू शकत नाही, म्हणून तिथं मक्याचा नमुना असतो. टर्बो म्हणजे काय हे मात्र त्यांनी साऱ्या बाजाराला शिकवलं. लोहाराच्या भात्यावानी हाय, असं ते सांगायचे, फरक येवढाच की ह्या भात्याला आपलाच धूर फिरवतो, आणि तो हवा कोंबून कोंबून इंजिनात भरतो.

गाडी एकदा फुलंब्रीच्या पुढं बंद पडली. भर उन्हात काका-काकू बाभळीखाली बसून राहिले. थोरल्या मुलानं ट्रक घेऊन जाऊन त्यांना आणलं आणि संध्याकाळी सरळ सांगितलं की आता ही विका. काकांनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी शब्द दिला: फिरून एकदा रस्त्यात थांबली तर विकून टाकीन. आडतीत दिलेला शब्द कागदाहून पक्का असतो. तो ते मोडणार नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना तर सगळ्यात जास्त.

म्हणूनच त्यांनी इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग बदलायचं काढलं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बजाजनगरला राहतो आणि वाळूजच्या एका कारखान्यात काम करतो. त्यांनी फोन करून प्लग कोणता घ्यायचा ते विचारलं. मी गाडीचं पुस्तक शोधून, नीट वाचून सांगितलं: टर्बोच्या इंजिनात कोंबलेल्या हवेमुळं उष्णता फार, तेव्हा ती लवकर बाहेर टाकणारा, म्हणजे थंड जातीचा प्लग घ्या. त्याच्या टोकांतली फट कमी हवी, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते. नंबरही सांगितला. काका "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. जेवायला बसणार तेवढ्यात फोन आला: "खाली ये. पळत ये." खाली गेलो तर लाल गाडी आमच्या कॉलनीला चकरा मारत होती. गचके खात, खोकत, पण चालत होती. काकांनी काच खाली केली, पण गाडी थांबवली नाही.

"थांबली नाय अजून," ते म्हणाले. "तू चल संगं."

मी गाडीच्या बाजूनं चालू लागलो. शेजारी काकू डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. कळलं ते असं की काकांनी शहरात जाऊन प्लग घेतले, चिकलठाण्याच्या गॅरेजात बसवून घेतले, आणि उड्डाणपुलाच्या चढावर पाय दाबताच गाडीनं गचके द्यायला सुरुवात केली. तिथून ते एकाही सिग्नलला न थांबता, तांबडा दिसला की डावीकडं वळत वळत, सारं शहर पालथं घालून माझ्याकडं आले होते. मी म्हणालो, काका, आमच्या इमारतीच्या आवारात घ्या आणि बंद करा. त्यांनी फाटकाकडं नीट पाहिलं.

"हे रस्त्यात धरत नाय ना?"

"नाय काका. हे आवार आहे."

"तू ऐकलंस गं," ते काकूंना म्हणाले, आणि आत येऊन गाडी बंद केली.

इंजिन जरा निवल्यावर मी प्लग काढले आणि बघतच राहिलो. चार प्लग चार कंपन्यांचे. चारही आट्यांत बसत होते, म्हणून मेकॅनिकनं बसवले. गिऱ्हाइकानं हातात दिलेला माल तो कशाला नाकारील? पण फटी चार तऱ्हेच्या, आणि एक तर उष्ण जातीचा, त्याचं टोक भाजून पांढरं पडलेलं. ते टोक वितळून आत गेलं असेल किंवा पिस्टनला भोक पडलं असेल तर इंजिन संपलं, आणि रस्ता असो की आवार, गाडी गेलीच.

"चारी वेगळे कशाला घेतले?" मी विचारलं.

"सगळं रान एका वाणावर पेरतोस का तू?" काका म्हणाले. "एक गेला तर तिघं वढून नेतील. आन चारी डब्याच्या तळातले घेतलेत, वरचे नाय."

शेजारच्या ब्लॉकमधल्या सहकाऱ्याकडं तारेच्या टोकाला बसवलेला बारीक कॅमेरा होता. तो प्लगच्या भोकातून आत सोडला. काका माझ्या खांद्यावर हात ठेवून मोबाइलच्या पडद्यात बघत होते. पहिला पिस्टन काळा, पण धड. दुसरा, तिसरा. भाजलेल्या प्लगखालचा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तोही धड निघाला. आधी काकूंनी श्वास सोडला, मग मी. काका बाजूच्या दुचाकीवर टेकले आणि रुमालानं मान पुसत राहिले.

मग मी त्यांना सांगितलं की रानाचं वेगळं आणि नांगराचं वेगळं. एका नांगराला चार बैल चार चालींचे जुंपले, एक पळणारा, एक आडमुठा, तर तास सरळ जाईल का? इंजिनात चौघांनी एकाच नांगराला ओढायचं असतं.

"मंग काल असं सांगायचं," काका म्हणाले. "काल तू लई विंग्रजी बोललास."

मी स्कूटरवर जाऊन सांगितलेल्या नंबरचे चार सारखे प्लग आणले, फटी मोजून बसवले. गाडी अशी सुरू झाली की काकूंनी डोळे उघडले. निघताना गाडीत उतरण्यासाठी काकांनी माझा हात धरला, आणि तो हात किती हलका झालाय हे मला तेव्हा कळलं. थोरला मुलगा गाडी विका म्हणतो, त्यात त्याची काळजी गाडीची नसावी. संध्याकाळी सिल्लोडहून काकूंचा फोन आला. घरी पोचल्यावर मुलानं विचारलं होतं, कुठं थांबली का? त्या म्हणाल्या होत्या, रस्त्यात नाय. आम्ही दोघंही फोनवर बराच वेळ हसलो.

फोनवरचं बोलणं काका वाऱ्यावरचं समजतात, तेव्हा प्लगचं सगळं कागदावर लिहून पाठव, असा निरोपही आला. त्याच आठवड्यात मी हे पत्र टाकलं:

"तीर्थरूप काका,
साष्टांग नमस्कार. प्लगचा नंबर वर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. चारही त्याच नंबरचे घ्यावेत, एकाच दुकानातून. तळातले घेतले तरी हरकत नाही. बदलायचे झाले की मला बोलवा, मी येऊन बसवीन.

तुम्ही मला शाळेत घातलं नसतं तर त्या दिवशी तुमची गाडी बघायला मी नसतो, आणि हे पत्रही मला लिहिता आलं नसतं. तोंडावर हे कधी बोलता आलं नाही.

एक विनंती आहे. गाडी चालवायचा कंटाळा येईल किंवा पाय दुखतील, तेव्हा थोरल्या दादांना विकू देऊ नका. मला कळवा. सुट्टीच्या दिवशी मी सिल्लोडला येईन. गाडी मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा. कुठं जायचं ते तुम्ही सांगा, आणि मनात येईल तिथं, भर रस्त्यात, आपण थांबू.

तुमचा"